बैल ओरडला नाही म्हणजे त्याला दुखलं नाही काय?

निपाणीकडच्या एका भावांनी विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा की घरात अडीच वर्षांचा खोंड आहे, येत्या सीझनला उसाच्या गाडीला जुंपायचाय म्हणून बडवून, म्हणजे खच्ची करून घ्यायचाय. वडील म्हणतात आपल्या गावातला जुना माणूस आहे तो करतोय की, खोंड हूं का चूं करत नाही, डॉक्टर आणि इंजेक्शन कशाला. बेळगावात इंजिनिअरिंगला असलेला चुलतभाऊ वडिलांच्याच बाजूनं बोलतोय पण शिकलेल्या भाषेत, की जनावराचं दुखणं म्हणजे नुसती रिफ्लेक्स ॲक्शन, आत "मला दुखतंय" असं जाणवून घेणारं कुणी नाही. आणि भावांचा शेवटचा प्रश्न, जनावराला दुखतं म्हटलं तर मग मासा आणि खेकडा पण त्यात येतो काय?

मी जनावरांचा डॉक्टर, बिदरला शिकलो आणि पुढची सगळी नोकरी खानापूर, बेळगाव, हुक्केरी या पट्ट्यात झाली. उत्तर आधीच देऊन टाकतो. होय, खोंडाला दुखतं, तुम्हाला मला दुखतं तसंच खरं दुखणं, आणि तो गप उभा राहिला याचा अर्थ त्याला सोसवतंय असा मुळीच होत नाही. माशाबद्दल पुरावा भरपूर आहे, खेकड्याबद्दल पण आता बराच जमलाय. आता हे कशावरून म्हणतोय ते सविस्तर लिहितो, कारण चुलतभावाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, त्याला नीट उत्तर द्यायला पाहिजे.

तो जे म्हणतोय त्यात एक गोष्ट बरोबर आहे. चटका बसल्यावर हात मागं घेणं हे काम पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू परस्पर करते, मेंदूपर्यंत खबर जायच्या आधीच हात मागं आलेला असतो. शंभर दीडशे वर्षांपूर्वीच्या प्रयोगांत तर डोकं काढलेल्या बेडकाच्या कातडीवर ॲसिड टाकलं तरी तो पायानं ते पुसायचा. भूल दिलेल्या जनावराचा पाय सुद्धा कधी कधी चिमट्यानं दाबल्यावर मागं खेचला जातो आणि त्यावेळी त्याला काही जाणवत नसतं. म्हणजे नुसतं अंग काढून घेणं, लाथ मारणं, झटका देणं हा दुखण्याचा पुरावा नव्हे, एवढं मान्य. पण मग त्याच न्यायानं नुसतं न ओरडणं हा न दुखण्याचा पुरावा पण नव्हे, आणि इथं चुलतभाऊ आणि वडील दोघंही अडकतात. खरं बघायचं ते झटका संपल्यानंतर जनावर काय करतंय ते, पुढच्या तासात, पुढच्या आठवड्यात त्याचं वागणं कसं बदलतंय, आणि त्याला निवड करायला दिली तर ते काय निवडतंय.

आधी शरीराचं बघू. दुखापतीची खबर देणाऱ्या ज्या बारीक नसा आपल्या कातडीत, सांध्यात, आतड्यात आहेत त्याच जातीच्या गाई-म्हशीत आहेत. खबर मज्जारज्जूतून वर मेंदूत जायची वाट तीच, मेंदूच्या ज्या भागात दुखणं "नकोसं" होतं तो भाग गाईच्या मेंदूत पण आहे, दुखणं कमी करायला शरीर स्वतः जी अफूसारखी द्रव्यं तयार करतं तीही तिच्यात आहेत. म्हणून तर लिग्नोकेन टोचलं की तिचा तेवढा भाग बधिर होतो आणि मॉर्फिनच्या जातीची औषधं तिच्यावर चालतात. माणसांची बहुतेक वेदनाशामकं आधी उंदीर-घुशींवर तपासली जातात हे चुलतभावाला विचारा, उंदराला दुखतच नसेल तर त्या तपासणीला अर्थ काय राहिला?

अजून एक गोष्ट सांगतो, ही जनावरांची नाही, माणसांची आहे. 1980 च्या दशकापर्यंत मोठमोठ्या देशांत सुद्धा नुकत्याच जन्मलेल्या बाळांची ऑपरेशनं कित्येकदा पुरेशी भूल न देता व्हायची, बाळ हलू नये म्हणून औषध द्यायचे पण दुखू नये म्हणून फारसं नाही. समज असा की एवढ्याशा जीवाला कळत नाही, रडतंय ती रिफ्लेक्स. ऑक्सफर्डला काम करणारे आपले भारतीय डॉक्टर के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सोबत्यांनी 1987 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं की ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऑपरेशनवेळी फेंटॅनिल हे जोरदार वेदनाशामक दिलं त्यांच्या शरीरावरचा ताण बराच कमी होता आणि नंतरचे त्रास पण कमी झाले. त्यानंतर सगळी पद्धत बदलली. बाळाला पण सांगता येत नाही की, मग सांगता न येणं ही कसोटी कशी धरायची? वेदनेवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची जी जागतिक संघटना आहे तिनं 2020 ला वेदनेची व्याख्या सुधारली त्यात हे स्पष्ट घातलंय की बोलून सांगणं ही वेदना दाखवायची अनेक रीतींपैकी एक आहे, बोलता येत नाही म्हणून माणसाला किंवा जनावराला वेदना होत नाही असं धरता येत नाही.

आता गप राहण्याबद्दल, कारण आमच्या रोजच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे.

पोटात तार गेलेली गाय बघितली असेल तुम्ही. कुंपणाची तार, जळलेल्या टायरमधली बारीक तार, खिळा, वैरणीतनं पोटात जातो कारण गाय वैरण चावून निवडत नाही, गिळते आणि मग सावकाश रवंथ करते. तार दुसऱ्या पोटात, म्हणजे जाळीच्या पोटात जाऊन रुतते आणि तिथून हृदयाच्या दिशेनं सरकते. अशी गाय ओरडत नाही. मालक फोनवर एवढंच सांगतो, "डॉक्टर, दूध निम्म्यावर आलंय आणि रवंथ करंना झालीया, बाकी काय नाही बघा." जाऊन बघितलं तर गाय पाठीला बाक काढून उभी, पुढच्या पायांची कोपरं अंगापासून लांब धरलेली, उतारावरनं खाली यायला तयार नाही पण चढाला जाते, बसायची म्हटलं तर दहादा विचार करून बसते. जवळ कान नेला तर दात खाल्ल्याचा आवाज येतो, करकर करकर. मग आम्ही खांद्याच्या वरचं कातडं दोन्ही हातांनी धरून चिमटा काढतो. चांगली गाय लगेच पाठ खाली दाबते. तार रुतलेली गाय पाठ दाबत नाही, कारण पाठ दाबली की आतली तार टोचते, ती जागेवर ताठ राहते आणि एक बारीक कण्हणं येतं, तेही घशाला कान लावला तरच ऐकू येईल एवढं. आता हे रिफ्लेक्स म्हणता येईल काय? उलट आहे, चिमट्याला पाठ दाबणं ही सवयीची हालचाल आहे आणि ही गाय ती हालचाल अडवून धरतीय. उतार टाळणं, बसायचं टाळणं, कुठल्या हालचालीनं दुखतं हे तिनं शिकून घेतलंय आणि दिवसभर ती त्याप्रमाणं वागतीय. आत जाणवून घेणारं कुणी नसतं तर हा सगळा आटापिटा कोण करतंय?

गाय, म्हैस, शेळी, मेंढी, बैल ही सगळी शिकार होणारी जात. जंगलात जे जनावर लंगडताना दिसतं, कण्हताना ऐकू येतं त्याच्यावरच वाघ-कोल्ह्यांची नजर पहिल्यांदा जाते, म्हणून दुखणं लपवणं हे त्यांच्या हाडात मुरलेलं आहे. कुत्रं ओरडतं, माणूस ओरडतो, कारण आपल्या ओरडण्यानं मदतीला कुणी येतं. मेंढी ओरडली तर लांडगा येतो. आमच्याकडं भीमगडच्या जंगलालगतच्या गावांत म्हशी अजून रानात चरायला जातात, तिथले गवळी लोक हे पुस्तक न वाचता जाणून आहेत, कळपात मागं राहणारी म्हस ते आधी बघतात, ओरडणारी नंतर.

मग दुखणं ओळखायचं कशावरनं? तोंडावरनं. ही काही भावनेची गोष्ट नाही, त्याच्या मोजपट्ट्या झाल्यात आता. 2010 मध्ये पहिल्यांदा उंदरांच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी निघाली, मग घोड्याची, मेंढीची, गाईची. गाईचं सांगतो, घरी बघता येईल असं: कान मागं किंवा खाली पडलेले आणि सारखे जागा बदलत नाहीत, डोळ्याच्या वरच्या भागात ताण दिसतो, नाकपुड्या रुंद आणि त्यांच्या वर सुरकुत्या, जबडा घट्ट, नजर कुठं तरी लागलेली आणि तुम्ही जवळ गेला तरी ती वळून बघत नाही. त्यात डोकं खांद्याच्या रेषेखाली असेल आणि रवंथ बंद असेल तर डॉक्टरला फोन करा, उद्यावर टाकू नका. धार काढणाऱ्या बायकांना हे सगळ्यात आधी कळतं, पुरुषमाणसं दूध मोजल्यावर ओळखतात. म्हणून गोठ्यात गेलो की मी पहिला प्रश्न घरातल्या वहिनींना नाहीतर आजीला विचारतो, "काल म्हस कशी होती ओ?"

एक आजी म्हणाल्या होत्या, "काल संध्याकाळपासनं आतल्या आत कण्हूलालीय, माझ्याकडं बघूनच घेतली नाही." एवढ्या एका वाक्यात निम्मं निदान होतं.

आता निवडीचा पुरावा, जो मला स्वतःला सगळ्यात पटणारा वाटतो. 2000 साली इंग्लंडमध्ये ब्रॉयलर कोंबड्यांवर एक प्रयोग झाला. आपल्या भागात पण शेड भरपूर आहेत, तुम्ही बघितलं असेल की वजन झपाट्यानं वाढतं आणि पायांना पेलवत नाही म्हणून बऱ्याच कोंबड्या लंगडतात. त्यांच्यासमोर दोन रंगांचं खाद्य ठेवलं, एकात कारप्रोफेन नावाचं वेदनाशामक मिसळलेलं, दुसरं साधं. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचं खाद्य चांगल्या चालणाऱ्या कोंबड्यांपेक्षा जास्त खाल्लं, आणि जी जितकी जास्त लंगडी तिनं तितकं जास्त खाल्लं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं कुठल्या रंगात औषध आहे, खाऊन बरं वाटतंय हे त्यांचं त्यांनीच शिकून घेतलं. बरं "वाटणं" हा शब्द मी जाणून वापरतोय, रिफ्लेक्सला बरं वाटत नाही.

दुसरा प्रयोग वासरांवरचा, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातला, 2013 चा. वासरांना आधी शिकवलं की पडद्यावर एक रंग आला की जवळ जा, दूध मिळतं, दुसरा रंग आला की गेल्यावर काही मिळत नाही उलट थांबून राहावं लागतं. रंग होते लाल आणि पांढरा. मग मधले गुलाबी रंग दाखवले जे धड लाल नाहीत धड पांढरे नाहीत. शिंगाचे कोंब तापल्या लोखंडानं डागल्यानंतर तीच वासरं मधल्या रंगांना दूध नसेलच असं धरून जवळ जायची कमी झाली. म्हणजे डागल्याचा चटका शिंगापुरता राहिला नाही, जगाकडं बघायची त्यांची नजरच काळवंडली. आपलं दात दुखत असेल त्या दिवशी आपल्याला सगळंच वाईट दिसतं तसंच हे. मज्जारज्जूतली रिफ्लेक्स असलं काही करू शकत नाही, त्याला मन लागतं, छोटं का असेना.

चुलतभाऊ इथं म्हणेल की बरं दुखतं, पण माणसासारखा विचार करून ते दुःख करत बसत नाहीत ना. गाय उद्याची काळजी माणसासारखी करत नसेल हे मी पण मानतो. पण याची दुसरी बाजू कुणी बघत नाही. तुमचा पाय मोडला तर डॉक्टर सांगतो सहा आठवड्यात प्लास्टर काढू, आणि त्या एका वाक्याच्या आधारावर माणूस सोसतो. गाईला असला आधार नाही. हे दुखणं कशानं आलं, कधी थांबणार, हा माणूस सुई घेऊन आलाय तो बरं करायला की मारायला, तिला यातलं काही कळायचा मार्ग नाही. समज कमी म्हणून दुःख कमी असं गणित मला तरी कुठं दिसलं नाही, काही बाबतीत ते उलटंच असावं.

आणि दुःख म्हणजे नुसती जखम पण नव्हे. रेडकू मेल्यावर म्हस पान्हा चोरते हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. जुने लोक रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढं ठेवायचे, ती चाटायची आणि पान्हा सोडायची. त्याच्यामागचं शरीरशास्त्र सरळ आहे, पान्हा सुटायला मेंदूतून ऑक्सिटोसिन यावं लागतं, आणि भीती, ताण, शोध चालू असेल तर ते येणं अडतं. हल्ली काही लोक पेंढा पण नको म्हणून सरळ ऑक्सिटोसिन टोचतात रोज दोन वेळा. दूध येतं, म्हशीची अवस्था तीच राहते. अजून एक बोलायला कडू वाटेल असं, पण बोलतो. नर रेडकू जन्मलं की त्याला पुरेसं दूध न देता हळूहळू मरू द्यायचं हे आपल्या भागात चालतं, सगळेच करतात असं नाही पण चालतं, आणि त्याला कुणी क्रूरता म्हणत नाही कारण कुणी मारलेलं नसतं. भूक हे दुखणंच आहे, चार पाच आठवडे चालणारं. कृत्रिम रेतनात आता मादी वासरंच व्हावीत अशा निवडलेल्या वीर्याच्या कांड्या मिळतात, डॉक्टरला विचारा, असल्या प्रश्नाला तेवढा तरी एक मार्ग निघालाय.

बैलांचं तर आपल्या अथणी, चिकोडी, रायबाग, निपाणी पट्ट्यात सीझनमध्ये डोळ्यानं बघवत नाही. गाडीत ऊस किती भरायचा याला धरबंध नाही, डांबरावर खूर घसरतो, खांदा सुजून त्यात पाणी होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच सुजेवर जू. आपल्याकडं बेंदूर दोन, ज्येष्ठातला कर्नाटकी आणि आषाढातला महाराष्ट्राचा, काही घरांत दोन्ही होतात, शिंगं रंगवायची, खांदेमळणी करायची, पुरणपोळी चारायची. खांदेमळणी ही खरं तर सगळ्यात शहाणी गोष्ट आहे, कुणीतरी पूर्वी बैलाचा खांदा हातानं चाचपून बघितला होता आणि तो दुखतो हे ओळखलं होतं. ते वर्षात एक दिवस न करता सीझनमध्ये रोज संध्याकाळी करा. खांदा गरम लागला, दाबल्यावर बैलानं मान चोरली तर त्याला दुसऱ्या दिवशी जुंपायचं नाही. कायद्यात सुद्धा हे आहे. ओझ्याच्या जनावरांचे 1965 चे केंद्राचे नियम सांगतात की दिवसात एकूण नऊ तासांच्या वर काम नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, आणि 37 अंशांच्या वर तापमान जाणाऱ्या भागात दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. काठीला खिळा ठोकून टोचणं पण त्यातच बंद केलंय. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या, पुढं 2017 ला कर्नाटक आणि महाराष्ट्र दोघांनी कायदा बदलून घेतला आणि 2023 ला घटनापीठानं ते बदल मान्य केले, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. नऊ तासांचा नियम मात्र विचारला तर कुणाला माहीत नसतो.

जगात शास्त्रज्ञ काय म्हणतात ते पण थोडक्यात. जुलै 2012 मध्ये केंब्रिजला मेंदूचा अभ्यास करणाऱ्या लोकांनी जाहीर लिहून दिलं की सगळे सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपससारखे इतरही काही प्राणी यांच्यात जाणीव निर्माण करणारी मेंदूतली यंत्रणा आहे, माणसात एकट्यातच आहे असं नाही. एप्रिल 2024 मध्ये न्यूयॉर्कला अजून एक निवेदन निघालं, त्यात सस्तन आणि पक्ष्यांबद्दल पुरावा भक्कम म्हटलाय आणि सरपटणारे, बेडूक, मासे, शिवाय खेकडे-झिंगे, ऑक्टोपस, कीटक यांच्यात सुद्धा जाणीव असायची खरी शक्यता आहे, आणि तशी शक्यता असताना तिकडं दुर्लक्ष करून निर्णय घेणं बेजबाबदारपणाचं आहे असं म्हटलंय. मला हे शेवटचं वाक्य कामाचं वाटतं. मला गाईच्या आत शिरून बघता येत नाही, तुमच्या आत तरी कुठं येतं, पण म्हणून मी तुम्हाला भूल न देता टाके घालत नाही.

माशांचं म्हणाल तर 2003 मध्ये लिन स्नेडन नावाच्या बाईंनी ट्राउट माशाच्या तोंडावर वेदनेच्या नसा शोधून दाखवल्या. ओठात सौम्य ॲसिड टोचल्यावर ते मासे तळाच्या खडीवर ओठ घासायचे, कल्ले जोरात हलायचे आणि तीनेक तास खायला आले नाहीत. मॉर्फिन दिलं की हे सगळं कमी झालं. आणखी एक, मासा टाकीत नवीन वस्तू ठेवली की घाबरून लांब राहतो, दुखणारे मासे मात्र लांब राहायचं पण विसरले, दुखण्यानं त्यांचं लक्षच खाऊन टाकलं होतं. काही शास्त्रज्ञ अजून म्हणतात की माशाच्या मेंदूला माणसासारखी बाहेरची घडीदार साल नाही म्हणून त्याला जाणवत नाही. पण तशी साल पक्ष्यांना पण नाही आणि पक्ष्यांबद्दल आता कुणी फारसं भांडत नाही, 2020 मध्ये जर्मनीत कावळ्यांच्या मेंदूतल्या पेशींची हालचाल नोंदवून दाखवलं की अंधुक खूण दिसली की नाही दिसली हे कावळ्याला स्वतःला जाणवतं आणि ते त्या पेशींत उमटतं. एकच काम दोन वेगळ्या बनावटीचे मेंदू करू शकतात.

खेकड्यांवर बेलफास्टच्या रॉबर्ट एलवुड यांचं काम आहे. शंखात राहणाऱ्या खेकड्यांना शंखातच बारीक शॉक दिला. शंख नावडता असेल तर खेकडा थोड्या शॉकला बाहेर पडायचा, आवडता असेल तर जास्त सोसायचा, आणि पाण्यात शत्रूचा वास मिसळला तर अजूनच आत चिकटून राहायचा. हे तोलून मापून वागणं झालं, झटका नव्हे. असल्या तीनशेच्या वर अभ्यासांचा आढावा घेतल्यावर ब्रिटननं 2022 च्या कायद्यात खेकडे, झिंगे, ऑक्टोपस यांना जाणीव असलेले प्राणी म्हणून घातलं. स्वित्झर्लंडनं 2018 पासून जिवंत लॉबस्टर उकळत्या पाण्यात टाकायला बंदी केलीय. आपल्याकडं पहिल्या पावसात ओढ्याला खेकडे धरायला सगळं गाव जातं, मी काही खाऊ नका म्हणत नाही, मी पण या मातीतलाच आहे. पण जिवंतपणी नांग्या-पाय मोडून टोपलीत टाकायचे आणि तसेच फोडणीत घालायचे हे बंद करता येतं. घरी आणल्यावर बर्फ आणि पाण्यात चांगले गार पडून निपचित होईपर्यंत ठेवा आणि मग मधोमध एका घावात दोन भाग करा. मासा गळाला लागला की डोक्यावर जोरात फटका मारून लगेच बेशुद्ध करा, पिशवीत तडफडत ठेवू नका. चवीत काही फरक पडत नाही.

किड्यांबद्दल फार लिहीत नाही, भुंग्यासारख्या मधमाश्या छोटे लाकडी गोळे काही बक्षीस नसताना खेळ म्हणून लोळवत बसतात हे 2022 ला लंडनमध्ये दिसलंय, तिथं अभ्यास आत्ता सुरू होतोय.

आता तुमच्या खोंडाचं. जुना माणूस काय करतो ते मी बघितलंय, आडवा पाडून, पाय बांधून, वृषण दगडा-लाकडाच्या मध्ये धरून चेचायचं, नस तुटल्याची खात्री होईपर्यंत. खोंड ओरडत नाही म्हणता, पण त्यावेळी त्याचे डोळे बघा, पांढरा भाग बाहेर आलेला असतो, जीभ बाहेर, अंग घामानं भिजलेलं, आणि सोडल्यावर उठायला पण बघत नाही. ती शांतता नव्हे, हरल्यासारखं पडून राहणं आहे. नंतर सूज, कधी पू, कधी धनुर्वात.

दवाखान्यात बर्डिझोचा चिमटा असतो, त्यात कातडी फाटत नाही, आतली नस, म्हणजे वृषणाला धरून असणारी दोरी, तेवढी चिमटून तुटते, दोन्ही बाजूंना वेगवेगळी आणि थोडी वर-खाली, म्हणजे मधल्या कातडीचा रक्तपुरवठा राहतो. पण चिमटा आहे म्हणून दुखत नाही असं नाही, बधिर न करता लावला तर चिमटा पण भयंकर दुखतो. म्हणून फोन करतानाच डॉक्टरला सांगा की लिग्नोकेन देऊन करायचंय. बरेच डॉक्टर घाईत असतात, दिवसाला इतकी गावं, पण मालकानं मागितलं तर नाही म्हणत नाहीत. दोन्ही बाजूला त्याच दोरीत इंजेक्शन दिल्यावर दहा एक मिनिटं थांबायचं, सुईनं टोचून बघायचं, खोंडानं पाय हलवला नाही की मग चिमटा. शिवाय मेलोक्सिकॅम या वेदनाशामकाचं इंजेक्शन काम सुरू करायच्या आधी, नंतर नव्हे, म्हणजे बधिरपणा उतरेल तोपर्यंत ते लागू झालेलं असतं. पूर्वी यासाठी डायक्लोफिनॅक सर्रास द्यायचे, मेलेल्या जनावरांतून ते पोटात जाऊन गिधाडं संपत आली म्हणून 2006 ला जनावरांसाठी ते बंद झालं, कुणी अजून देत असेल तर घेऊ नका. धनुर्वाताची सुई पण घ्या. सगळं मिळून खर्च फार होत नाही.

वय जास्त झालंय, खरं तर सहा महिन्यांच्या आत केलं तर त्रास फार कमी असतो, पण वशिंड आणि मान भरत नाही म्हणून आपले लोक थांबतात, ते मला माहीत आहे. पुढच्या खोंडाचं तरी पक्के दात लावायच्या आधीच करा. आत्ताचं पावसाळ्यात करू नका, माश्या आणि चिखल, थंडी सुरू झाली की करा. त्यामुळं यंदाच्या सीझनला तो जुंपायला मिळणार नाही कदाचित, कारण नंतर किमान महिनाभर खांद्यावर जू नको आणि पहिले आठ दिवस कोरड्या जागेत मोकळा बांधा, दाव्याला आखूड नको. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी सूज येणार, ती आठवड्यात उतरायला लागली पाहिजे. वैरण सोडली, मागचे पाय फाकवून उभा राहू लागला किंवा सुजेला वास यायला लागला तर वाट बघू नका. आणि वडिलांना त्या दिवशी खोंडाच्या तोंडाजवळ उभं करा, शेपटीकडं नको. लिग्नोकेन दिलेला खोंड चिमटा लागत असताना कान हलवत इकडं तिकडं बघत असतो, ते त्यांनी एकदा डोळ्यानं बघितलं की पुढच्या वेळी ते स्वतःच डॉक्टरला फोन लावतील.